लाकडी खेळण्यांच्या बारीक भागांसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

लाकडी गाड्यांची चाके, खुंट्या, मणी आणि बोटभर उंचीच्या बाहुल्या रंगवण्यासाठी मी गेले अनेक महिने पाण्यात मिसळणारा, खेळण्यांसाठी म्हणून मिळणारा ॲक्रिलिक रंग वापरत आहे. त्याआधी याच कामाला तेलातले इनॅमल वापरत होतो, त्यामुळे दोहोंची तुलना आपोआप होत गेली. माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. मात्र हा रंग फळीवर जसा वागतो तसा बारीक भागांवर वागत नाही, आणि डब्यावरच्या सूचना बहुधा सपाट, मोठा पृष्ठभाग गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

पहिला फरक लाकडाच्या शोषणात दिसतो. गोल दांड्याच्या चकत्या पाडून केलेल्या चाकांच्या दोन्ही तोंडांवर लाकडाचे तंतू आडवे कापले गेलेले असतात. झाडात याच बारीक नळ्यांतून पाणी वर चढते, त्यामुळे चाकाचे तोंड पहिला हात पुरता पिऊन टाकते आणि कडेवर मात्र तोच रंग चकचकीत दिसतो. शिवाय रंगातल्या पाण्याने तंतू फुगून उभे राहतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. यावर उपाय सोपा आहे आणि तो टाळू नये: रंगवण्याआधी भाग ओल्या कापडाने पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने उभे राहिलेले तंतू काढावेत, आणि मगच थोडे पाणी घातलेल्या रंगाचा पहिला हात द्यावा. तो वाळल्यावर ४०० नंबरचा कागद अगदी हलका फिरवला, की पुढचे दोन पातळ हात एकसारखे बसतात. पिवळा आणि लाल हे रंग मुळात कमी झाकणारे असल्यामुळे त्यांच्याखाली पांढऱ्याचे अस्तर लागते.

दुसरा मुद्दा जाडीचा, आणि बारीक भागांत तोच सर्वांत निर्णायक ठरतो. समजा आस ६ मिलिमीटरची आहे आणि चाकाचे भोक साडेसहा मिलिमीटरचे आहे. ब्रशने दिलेला एक हात वाळल्यावर साधारण ०.०३ मिलिमीटर जाड राहतो, म्हणजे तीन हातांचा थर जवळपास ०.१ मिलिमीटरचा झाला. आस आणि भोकाची आतली बाजू दोन्ही रंगवली, तर आसेचा व्यास ०.२ ने वाढतो, भोकाचा तितकाच कमी होतो, आणि ठेवलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या सैलपणातून ०.४ मिलिमीटर रंगातच जातो. चाक मग फिरत नाही, किंवा फिरताना रंगाचे पोपडे काढते. म्हणून आस आणि भोक कोरेच ठेवावे. मी भोकात घट्ट बसणारी बांबूची काडी खुपसतो, तिनेच चाक धरून रंगवता येते आणि वाळायला उभेही करता येते. जिथे सरस लागणार आहे ती जागाही मास्किंग टेपने झाकावी, कारण रंगावर लावलेला सरस लाकडाला नव्हे, रंगाला चिकटतो, आणि पहिल्याच ओढाताणीत रंगासकट निघून येतो.

या रंगाविषयी माझी खरी तक्रार चिकटपणाची आहे. अर्ध्या तासात तो हाताला कोरडा लागतो, पण कोरडा होणे आणि पक्का होणे यांत दोन-तीन आठवड्यांचे अंतर असते. पाणी उडून गेल्यावर ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो. ही क्रिया थंड हवेत मंदावते, आणि पुढेही हा पापुद्रा उष्णतेने मऊ पडू शकतो. त्यामुळे रंगवलेले मणी लवकर एकत्र डब्यात भरले, तर ते एकमेकांना चिकटतात व सोडवताना रंग उचकटतो. गडद छटांत हा त्रास मला अधिक जाणवला. तेलातल्या इनॅमलला ही खोड नाही. ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन टणक होते. पण त्याचा वास रेंगाळतो, दोन हातांमध्ये बराच वेळ थांबावे लागते आणि पांढरा काही काळाने पिवळट पडतो. रंगावर पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचा एक पारदर्शक हात दिल्यापासून चिकटण्याचे प्रमाण खूपच कमी झाले, आणि आता त्याशिवाय एकही भाग मी जोडणीला घेत नाही.

सुरक्षिततेबद्दल डब्यावर ईएन ७१-३ असा उल्लेख शोधावा. या युरोपीय मानकातल्या चाचणीत नमुना ३७ अंश सेल्सिअसला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांसारखी मूलद्रव्ये किती सुटतात ते मोजतात. गिळलेल्या रंगाचे पोटात काय होईल, याचा तो अंदाज असतो. मात्र हा उल्लेख भागाच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, मग रंग कितीही निर्धोक असो. पक्क्या झालेल्या रंगावर ओले पांढरे कापड जोराने चोळून पाहण्याची सवयही मी लावून घेतली आहे. कापडावर छटा उतरली, तर तो भाग आणखी काही दिवस बाजूला राहतो.

टिकाऊपणात बाहुल्या आणि मणी उत्तम निघाले. रोजच्या हाताळणीनंतरही रंग शाबूत आहे, आणि एखादा टवका उडाला तर तेवढ्याच जागी नवा रंग बेमालूम बसतो. चाकांची धाव (जमिनीला टेकणारा घेर) मात्र फरशीवर घासून आधी फिकट होते व मग कडेपासून सोलवटते, पारदर्शक हात दिलेला असला तरीही. त्यामुळे हल्ली चाकाचे तोंड तेवढे रंगवतो आणि धाव नुसत्या शुद्ध जवस तेलावर ठेवतो. ते तेल मुरायला वेळ घेते, आणि ते पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्या लागतात. पण घासल्यावर सोलवटून निघेल असा थरच धावेवर उरत नाही.