बॉस्टन की विल्यम्सबर्ग?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या जागा पाहायच्या आहेत, हाताशी एकच दिवस आहे आणि गाडी नाही, तर फार विचार न करता बॉस्टन गाठा. बॉस्टन कॉमन या बागेपासून बंकर हिलच्या लढाईच्या स्तंभापर्यंत फूटपाथवर लाल रेघ आहे, बहुतेक ठिकाणी विटांची. तिचं बोट धरून चार किलोमीटर चाललं की सोळा ऐतिहासिक ठिकाणं होतात. मेट्रो जवळ असल्याने थकलात तर मध्येच सोडून परतता येतं. आईबाबा सोबत असतील तर स्तंभाच्या 294 पायऱ्या त्यांना चढायला लावू नका; तिथे लिफ्ट नाही.

बॉस्टनचं बळ अस्सल वास्तूंत आहे. 16 डिसेंबर 1773 ची, चहावरच्या कराविरुद्धची सभा ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्येच भरली होती. तिथून लोक धक्क्यावर गेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या. दोनच वर्षांत पुणेकरांची ज्या कंपनीशी लढाई जुंपली, तीच ही कंपनी. पण इथे घटना कळतात. त्या काळची माणसं रोज जगत कशी होती, ते फारसं कळत नाही.

ते विल्यम्सबर्गला कळतं. 1780 पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी असलेलं हे गाव 1926 पासून धनाढ्य रॉकफेलरांच्या पैशातून पुन्हा उभं केलं. मूळ इमारती 89 आहेत, पण गव्हर्नरचा वाडा 1781 मध्ये जळाला. आज दिसतो तो 1930 च्या दशकात जुन्या पायावर बांधलेला. मला ते खटकलं होतं, लोहाराच्या भट्टीपाशी पोचेपर्यंत. तिथे आणि छापखान्यात माणसं जुन्याच हत्यारांनी खरोखर काम करतात, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. क्रांतीच्या वेळी गावातले निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले बहुतेक गुलाम. स्वातंत्र्याच्या घोषणा चालू असताना स्वयंपाकघरात कोण राबत होतं, हे इथे विचारता येतं आणि उत्तरही मिळतं. 1760 मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेल्या ब्रे शाळेची इमारत जरूर पाहा.

रस्त्यांवर फिरणं फुकट. घरांत आणि कारागिरांकडे जायला तिकीट लागतं, आणि ते स्वस्त नाही. शिवाय दोन दिवस हवेत, गाडी हवी. व्हर्जिनियाचा उन्हाळा दमट, म्हणून ऑक्टोबर बरा.

फक्त 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला ती इमारत आणि लिबर्टी बेल ही प्रसिद्ध घंटा एवढंच पाहायचं असेल तर फिलाडेल्फियात अर्धा दिवस पुरतो.

शाळकरी मुलं असतील तर माझं मत विल्यम्सबर्गला, त्यातही जवळच्या यॉर्कटाउनसाठी. 19 ऑक्टोबर 1781 ला इथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं ठेवली. तो स्वतः आजाराचं कारण सांगून आलाच नाही. पुढे हाच गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि 1792 मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात मराठ्यांचे सेनानी हरिपंत फडक्यांची छावणी त्याच्या बाजूला होती. मुलांना हे त्या मैदानात उभं राहून सांगा.