पितळी दीपस्तंभ: वर्षभर वापरलेल्या एका दिव्याविषयी

गेल्या वर्षी नाताळाच्या तोंडावर कोल्हापुरातील एका लहानशा ख्रिस्ती साहित्याच्या दुकानातून मी समुद्रकिनाऱ्यावरच्या दीपस्तंभाच्या आकाराचा पितळेचा एक दिवा विकत घेतला. शहरातल्याच एका कारागिराने घडवलेला हा विजेचा दिवा १४ इंच उंच असून त्याची बैठक शिसवी लाकडाची आहे. किंमत ३,२०० रुपये. आमच्या घरी संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला तो रोज लागतो. येत्या नाताळासाठी असा दिवा घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

दीपस्तंभ हे चिन्ह आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत इतके रुळले आहे की ते आले कुठून, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पवित्र शास्त्रात दीपस्तंभ नाही. नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायात प्रेषित पौलाचे जहाज १४ रात्री वादळात भरकटते, कित्येक दिवस सूर्य दिसत नाही की तारे दिसत नाहीत, आणि जहाजावरच्या २७६ जणांची वाचण्याची आशा मावळत जाते. तो अध्याय वाचताना, किनाऱ्यावर एखादा दिवा असता तर, असे राहून राहून वाटते. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती आचार्याने ख्रिस्ती माणसाच्या मुद्रेच्या अंगठीवर कोणती चिन्हे असावीत हे सांगितले. त्यात कबुतर, मासा, जहाज, तंतुवाद्य आणि जहाजाचा नांगर ही नावे आहेत. पण ज्याच्या स्वतःच्या शहरात फारोसचा जगप्रसिद्ध दीपस्तंभ उभा होता, त्याने दीपस्तंभ मात्र सांगितला नाही. माझ्या मते या चिन्हाला वजन आले ते दिवा सांभाळणाऱ्यांमुळे. आयर्लंडमधील हूक येथे १३व्या शतकात बांधलेल्या मनोऱ्यावरचा अग्नी पिढ्यान्‌पिढ्या मठातील साधूंनी तेवत ठेवला, आणि फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील कॉर्दुआँ दीपस्तंभाच्या आत तर प्रार्थनेसाठी स्वतंत्र मंदिर आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, या कारागिराला दीपस्तंभ म्हणजे काय ते नेमके कळले आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच शोभेच्या दीपस्तंभांत माथ्यावर क्रूस बसवलेला असतो आणि दिवा पोटात असतो, त्यामुळे मनोऱ्याच्या खिडक्या उजळतात आणि माथा अंधारात राहतो. येथे तसे नाही. मनोरा पूर्ण भरीव दिसतो, खाली रुंद व वर निमुळता होत गेलेला, आणि त्याची ठेवण आपल्याकडच्या दगडी दीपमाळेची आठवण करून देते. उजेड आहे तो फक्त माथ्यावरच्या काचेच्या कोठीत. दिव्याभोवती वलयावलयांची छोटी भिंगे आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेलने शोधलेले आणि १८२३ मध्ये कॉर्दुआँवर प्रथम बसवलेले भिंग याच रचनेचे होते. इकडेतिकडे पसरून वाया जाणारा प्रकाश ही वलये वळवून एका झोतात आणतात. खालच्या छोट्या मोटरीवर भिंग फिरते, लागोपाठ दोन झोत पडतात आणि मग काही क्षण काळोख होतो. खऱ्या दीपस्तंभालाही अशी स्वतःची ठरलेली लय असते आणि तिच्यावरूनच आपण कुठल्या किनाऱ्यापाशी आलो आहोत हे खलाशी ओळखतो. क्रूस माथ्यावर नाही, तो काचेच्या चौकटीतच आहे: उभी पट्टी आणि तिला छेदणारी आडवी पट्टी. खोलीतले इतर दिवे मालवले की झोत त्या चौकटीतून जाताना समोरच्या भिंतीवर क्रूसाची सावली उमटते आणि लगेच नाहीशी होते. आमच्या घरी प्रार्थना आता त्या भिंतीकडे तोंड करून होते.

माझा आक्षेप आहे तो वचनाच्या जागेविषयी. बैठकीवरच्या पट्टीवर ‘मीच जगाचा प्रकाश आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे वाक्य कोरले आहे. वाक्य माझ्या प्राणाइतके प्रिय आहे, परंतु मनोऱ्याच्या पायथ्याशी ते आले की जणू मनोराच तसे म्हणतो आहे असे वाटते. मनोरा म्हणजे प्रकाश नव्हे. तो प्रकाश उंच धरणारा आहे, म्हणजे मंडळी आहे, तुम्ही-आम्ही आहोत. शिवाय खडकावर उभ्या असलेल्या दीपस्तंभाच्या रोखाने कोणी जहाज नेत नाही, नेले तर ते फुटेल. त्याच्या उजेडात आपली जागा ओळखून जहाज बंदराकडे वळते. स्वतःकडे न बोलावता वाट दाखवणे, हे आपल्या साक्षीचे याहून चांगले चित्र मला तरी माहीत नाही, आणि म्हणूनच वचनाची जागा चुकू नये असे मनापासून वाटते.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. मोटरीची घरघर रात्रीच्या शांततेत ऐकू येते, त्यामुळे निजायच्या खोलीत हा दिवा ठेवू नये. वायर आखूड आहे. पहिल्या नगाची काच खोक्यातच तडकलेली निघाली, ती दुकानदाराने चार दिवसांत विनातक्रार बदलून दिली, पण वेष्टन अधिक जाड हवे होते. पितळ पावसाळ्यात काळवंडते. चिंचेने घासले तर चकाकी येते, मात्र कोरलेल्या अक्षरांतला काळा रंगही त्याबरोबर जातो, तेव्हा कोरड्या मऊ फडक्याने पुसणेच बरे.

या वर्षी आमच्या रविवारच्या शाळेसाठी मी दुसरा दीपस्तंभ सांगितला आणि वचनाविषयीचे माझे म्हणणे दुकानदारामार्फत कारागिराच्या कानावर घातले. त्याने ते मानले. पायथ्याच्या पट्टीवर आता मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील ‘तुम्ही जगाचा प्रकाश आहात’ हे वचन येईल. वरच्या काचेच्या कोठीभोवतीचे कडे फार अरुंद असल्याने येशूचे पूर्ण वाक्य त्यावर बसत नव्हते, म्हणून तेथे ‘योहान ८:१२’ एवढेच कोरायचे ठरले आहे. असा बदल हवा असल्यास तीन आठवडे आधी सांगावे लागते आणि त्याचे २०० रुपये जास्त पडतात.