१९७७ साली सर्च करायचं तर: पानठेला की मास्तर?

गुगलचा जन्म १९९८ चा. समजा, तुम्ही त्याच्या एकवीस वर्षं आधी, दिवाळी उलटल्यावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एखाद्या खेड्यात आहात. कापूस संकलन केंद्रावर घालून झाला. १९७२ पासून एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस घेणारं फक्त सरकार; भावही सरकारच ठरवतं, म्हणजे भाव शोधण्यात हशील नाही. प्रश्न एकच: चुकारा, म्हणजे घातलेल्या कापसाचे पैसे, कधी मिळणार? हा प्रश्न टाकायचा कुठं?

वेग पाहिजे तर पानठेला. तुम्ही नुसतं "चुकारा" म्हणायचा अवकाश, पुढचं वाक्य ठेलेवालाच पुरं करतो. त्याची सुपारी कातरून होईस्तोवर चार उत्तरं हजर: सोमवारी, पोळ्याले, साहेब सुट्टीवर हाय, अन् "आमचा तं कालच भेटला." यातलं वर कोणतं? ज्यानं सगळ्यांना पान खाऊ घातलं त्याचं. जाहिरातीचा धंदा तेव्हाही असाच चाले.

पण खरी गोम पुढं आहे. पान जिभेवर ठेवता ठेवता बाकावरून आवाज येतो, "काहून गा, पोरीचं लगन जमलं वाट्टे?" तुम्ही पोरीचा प काढलेला नसतो. संध्याकाळी सोनार रामराम घालतो, दुसऱ्या दिवशी बँडवाला दारात. हिस्ट्री पुसायची सोय नाही. दोन वर्षांनीही कोणी म्हणेल, "तवा चुकारा इचारत होता, मंग लगन काऊन नाई झालं?"

मास्तर याच्या नेमके उलट. "गुरुजी, चुकारा कवा भेटते?" "भेटते नाही, मिळतो." हे शुद्धलेखन बंद करता येत नाही. त्यात तुमच्या पोराला सत्तावीसचा पाढा म्हणावा लागतो. मग गुरुजी केंद्राला कार्ड लिहितात. उत्तर यायला पंधरवडा, पण आलं की पक्कं. आणि गुरुजींच्या पोटातली गोष्ट ओठावर येत नाही, ही मला सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

बाकीच्यांचं थोडक्यात. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून बोलते आहे, पण तिला काही विचारता येत नाही. कोतवालाची दवंडी म्हणजे नोटिफिकेशन, म्यूट होत नाही. आणि तालुक्याच्या वाचनालयात मराठी विश्वकोश शोधाल तर पहिला खंड आदल्याच वर्षी निघालेला, 'आतुरचिकित्सा'पाशी संपणारा. त्यात कापसाचा 'क' नाही. चुकाऱ्याचा 'च' त्याहून लांब.

माझं विचाराल तर शकुंतला गाडी किती लेट आहे, हे पानठेल्यावर. पैशाचं मास्तरांकडे. अन् सावकाराचं व्याज वगैरे नाजूक असेल तर दारव्ह्याच्या बाजारात अनोळखी माणूस गाठा. फक्त प्रश्नाआधी त्याचं गाव आणि सोयरे विचारून घ्या. मी विचारले नव्हते. तो आमच्या व्याह्याचा साडू निघाला.