बगळ्याची चोच टिकवणारी इपॉक्सी पुट्टी

गळकी किटली, जुन्या सायकलचं हँडल आणि दोन वाकडे चमचे यांतून आम्ही चौघांनी बागेसाठी बगळा केला. ग्लू गनने चिकटवलेली चोच दुसऱ्याच दिवशी उन्हात सुटली, धाकटी रडवेली झाली. मग दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, म्हणजे मळून लावायचा आणि नंतर कडक होणारा चिकट लगदा, आणली. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे. हातमोजे हवेतच, आणि हे काम मोठ्यांनीच करावं. पत्रा आधी पॉलिश पेपरने घासून पुसा, नाहीतर पकड येत नाही. पुट्टीने चोच बसवल्यावर 24 तास मी कुणाला हात लावू दिला नाही. दोन वर्षं ऊनपाऊस झेलून चोच जागेवर आहे! उन्हाने पुट्टी पिवळी पडते, म्हणून वरून ऑइल पेंट लावाच. गोळा मात्र लहानच मळा, तो लवकर कडक होतो.