रत्नागिरीतला व्हीआर झोन : गेम भारी, पण आधी स्वतःचे डोळे सेट करून घ्या

गणपतीला मुंबईची मावसभावंडं आलेली, पाऊस काय थांबायचं नाव घेईना, भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचा बेत फिसकटला म्हणून सगळ्यांना घेऊन इथल्या एका व्हीआर झोनला गेलो (व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचं). नाव लिहीत नाही, गाव छोटं आहे. १५ मिनिटांचे १५० रुपये. हेडसेट प्लेस्टेशन व्हीआर २, २०२३ मध्ये आलेला, याच्या आत डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे असतात.

गेम लावला सिनॅप्स. यात वस्तूकडे नुसतं बघायचं, बटण दाबायचं की ती हवेत उचलली जाते. भन्नाट प्रकार आहे, पण माझं झालं काय, मी बघतोय पिंपाकडे आणि उचललं जातंय बाजूचं खोकं. पाच मिनिटं मला वाटलं मलाच जमत नाहीये. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणे, "दादा, सेटिंग सकाळीच केलंय." अरे पण कोणाच्या डोळ्यांवर केलंयस? तुझ्याच ना!

खरी गोम इथेच आहे. लेन्सच्या कडेने आपल्याला न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात, कॅमेरा डोळ्याची बाहुली आणि डोळ्यावर चमकणारे त्या दिव्यांचे ठिपके बघून नजर कुठे आहे याचा हिशोब लावतो. आणि प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या डोळ्यांप्रमाणे केलेलं सेटिंग, आपल्याला चालत नाही. २ अंशांनी जरी चुकलं (हात लांब करून अंगठा धरा, त्याची रुंदी साधारण तेवढी) तरी ५ मीटरवर जवळजवळ वीतभर फरक पडतो, मग पिंपाचं खोकं होणारच की.

शेवटी मीच सेटिंगमध्ये घुसलो. आधी मागचं चाक फिरवून पट्टा घट्ट केला, मग वरचं छोटं चाक फिरवून लेन्समधलं अंतर जुळवलं, स्क्रीनवर दोन्ही डोळे गोलात बसेपर्यंत, मग फिरणारा ठिपका मान न हलवता बघितला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि पुढच्या वेळी पिंप बरोब्बर पिंपच उचललं गेलं!

पण घाम! एसी नाही, पंखा फक्त काउंटरकडे, ऑगस्टची दमट हवा, दहा मिनिटांत हेडसेट नाकावरून खाली सरकला आणि नेम परत गंडला. नॅपकिन घेऊन जा, खरंच. चष्मेवाल्या भावाच्या काचांवर दिव्यांची चमक पडत होती, पुसून बघितल्यावर थोडं सुधारलं, पूर्ण नाही. आणि ताईने घातलेलं काजळ, सणाचं, ठसठशीत! काळा पट्टा बघून कॅमेरा गोंधळतो बहुतेक, कारण टिशूने पुसलं आणि परत ठिपका बघायला लावला तर तिची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की लागली.

५ पैकी ३ स्टार. दोन कापले ते पोराने कॅलिब्रेशन करून दिलं नाही आणि त्यात गेलेली माझी मिनिटं पैशात धरली म्हणून. हेडसेट मात्र एक नंबर. ताईने दुसऱ्या फेरीचे १५० स्वतःच्या पर्समधून काढले, आणि ती इकडे रिक्षालासुद्धा मला द्यायला लावते.