प्रेझेंटर व्ह्यू की नुसते शॉर्टकट? व्याख्यानाला निघण्यापूर्वी ठरवा

आपल्या वर्गात, आपल्याच लॅपटॉपवरून शिकवणार असाल तर प्रेझेंटर व्ह्यू घ्या. देवस्थानच्या सभागृहात किंवा ग्रंथालयाच्या कार्यक्रमात, तिथे आधीच जोडून ठेवलेल्या संगणकावरून बोलणार असाल तर त्याच्या नादी लागू नका. पाच-सहा शॉर्टकट बोटांवर बसवा आणि टिपणं कागदावर न्या. सॉफ्टवेअर कोणतं, हा त्यानंतरचा प्रश्न. बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात आणि सभागृहातली केबल विसरतात.

दोन्हींत फरक काय ते आधी पाहू. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये श्रोत्यांना फक्त चालू स्लाइड दिसते. तुमच्या पडद्यावर मात्र तीच स्लाइड, तुमच्या नोट्स, पुढे काय येणार आहे ते आणि घड्याळ, असं सगळं असतं. नुसत्या स्लाइड शोमध्ये जे श्रोत्यांना दिसतं तेच तुम्हाला. शॉर्टकट मात्र दोन्हीकडे चालतात, त्यामुळे ते शिकण्याची मेहनत कुठेच वाया जात नाही.

आता समजा, तुम्ही फोंड्यात उसगाळीमळच्या कातळशिल्पांवर बोलताय. गोव्यात कुशावती नदीच्या काठावरची ही शिल्पं १९९३ साली अभ्यासकांच्या नजरेत आली. बैल, मोर, ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ, असे तुमच्याकडे चाळीसेक फोटो आहेत. तुम्ही तिसाव्या स्लाइडवर पोचलात आणि मागून आवाज आला, ‘‘सर, तो बैलाचो फोटो परत दाखयात.’’ पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये सगळ्या स्लाइडची जाळी उघडायची आणि हवी ती टिचकीने निवडायची. तोवर श्रोत्यांसमोर तिसावी स्लाइड तशीच राहते, तुमची शोधाशोध कुणाला दिसत नाही. नुसत्या स्लाइड शोमध्ये ‘जी’ दाबून हीच जाळी उघडलीत तर ती भिंतीवर उमटते आणि शेवटी राखून ठेवलेला फोटोही लोक आधीच पाहून घेतात. तिथे दुसरा मार्ग धरायचा : १, २, एंटर. थेट बारावी स्लाइड, मध्ये काहीच नाही. आकडा पाठ असेल तर हे जाळीपेक्षाही झटपट होतं. पाठ नसेल तर एका कागदावर नऊ-नऊ स्लाइडचं हँडआउट छापा, प्रत्येक चौकोनावर पेनाने आकडा घाला आणि तो कागद पोडियमवर ठेवा. माझ्या मते प्रेझेंटर व्ह्यूचं निम्मं काम हा कागद करतो, आणि वीज गेली तरी तो विझत नाही.

‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. लोकांनी फोटो सोडून तुमच्याकडे पाहावं असं वाटेल तेव्हा याइतकी कामाची कळ नाही. ‘डब्ल्यू’ने पडदा पांढरा होतो. अंधाऱ्या सभागृहात ती कळ वापरणाऱ्याला श्रोत्यांचे डोळे दिसत नसावेत! ‘कंट्रोल + एल’ने बाण लेझरच्या ठिपक्यासारखा होतो, ‘कंट्रोल + पी’ने पेन येतं, ‘ई’ने रेघोट्या पुसल्या जातात.

सुरू करण्याच्या कळा दोनच : पहिल्यापासून ‘एफ५’, चालू स्लाइडपासून ‘शिफ्ट + एफ५’. घोळ होतो तो इथेच. बऱ्याच लॅपटॉपवर ही वरची रांग आवाज आणि उजेड कमीजास्त करते, त्यामुळे ‘एफएन’ धरल्याशिवाय ‘एफ५’ लागत नाही. यंत्र परकं असेल तर खुर्च्या भरण्याआधी हे बघून घ्या. कीबोर्ड मराठीवर असेल तर तोही इंग्रजीवर आणलेला बरा.

प्रेझेंटर व्ह्यूची खरी अडचण ‘विंडोज + पी’मध्ये, म्हणजे दोन पडद्यांवर काय दिसावं हे ठरवणाऱ्या कळेत आहे. प्रेझेंटर व्ह्यूसाठी दोन पडदे ‘एक्स्टेंड’वर (दोन्हींवर वेगवेगळं) हवेत, आणि सभागृहातला संगणक बहुधा ‘डुप्लिकेट’वर (दोन्हींवर तेच) ठेवलेला असतो. तो बदलला की प्रोजेक्टर क्षणभर निळा पडतो, आयोजक धावत येतात, पुढच्या वक्त्यासाठी पुन्हा बदलावा लागतो. कधी पडदे उलटे लागतात : तुमच्या नोट्स भिंतीवर, स्लाइड लॅपटॉपवर. ‘इथे विनोद सांग’ असं लिहून ठेवणाऱ्यांनी विशेष जपावं. पॉवरपॉइंटमध्ये डिस्प्ले सेटिंग्जमधून पडद्यांची अदलाबदल होते, पण त्यासाठी डोकं थंड लागतं. केबल ढिली असेल किंवा पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल तर ‘डुप्लिकेट’च सुखाचं. प्रोजेक्टर परत लागला की जिथे होतात तिथेच असता. ‘एक्स्टेंड’मध्ये दुसरा पडदा गेला की खिडक्यांची जागा बदलते.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर प्रेझेंटर व्ह्यूसाठी पॉवरपॉइंटच सरस. २०१३च्या आवृत्तीपासून दुसरा पडदा जोडून शो सुरू केला की तो आपोआप उघडतो. शिवाय ‘आल्ट + एफ५’ने एकाच पडद्यावरही येतो, म्हणजे घरी तालीम करता येते. ही सोय फार जण वापरत नाहीत. नोट्सची अक्षरं मोठी करायला खाली बटण आहे, चाळिशी लागलेल्यांनी ते आधी शोधावं.

लिबरऑफिस इम्प्रेस फुकट आहे, आणि त्याचा प्रेझेंटर कन्सोल मुळीच कमी नाही. ‘कंट्रोल + २’ने नोट्स, ‘कंट्रोल + ३’ने सगळ्या स्लाइड, ‘कंट्रोल + ४’ने पडद्यांची अदलाबदल. उलटे पडदे एका कळीने सरळ होणं मला पॉवरपॉइंटपेक्षा आवडतं. ‘एफ५’, ‘बी’ आणि आकडा-एंटर इथेही तसेच. मात्र पॉवरपॉइंटमध्ये केलेली फाइल इथे उघडलीत तर मांडणी हलू शकते, म्हणून प्रत्येक स्लाइड नजरेखालून घाला.

गूगल स्लाइड्स मी सभागृहासाठी सुचवणार नाही. प्रेझेंटर व्ह्यू वेगळ्या खिडकीत उघडतो, कोणती खिडकी कुठल्या पडद्यावर न्यायची ते तुम्हीच बघायचं, आणि आधी ऑफलाइनची सोय करून ठेवली नसेल तर सगळी भिस्त नेटवर. सुरू करायची कळही वेगळी, ‘कंट्रोल + एफ५’. वर्गात किंवा ऑनलाइन तासाला मात्र ते बरं, कारण श्रोत्यांना मोबाइलवरून प्रश्न पाठवता येतात. लाजऱ्या मुलांचे प्रश्न असे बाहेर येतात.

क्लिकर, म्हणजे स्लाइड पुढे-मागे करायचा हातातला रिमोट, घ्यावा का? घ्या. संगणकाला तो कीबोर्डच वाटतो, त्यामुळे तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये पुढे-मागे करतो आणि प्रेझेंटर व्ह्यू असो-नसो, चालतो. फक्त मध्येच दुसऱ्या खिडकीवर टिचकी मारलीत तर कळा तिकडे जातात आणि स्लाइड हलत नाही. तेव्हा बॅटरी बदलत बसू नका, स्लाइड शोवर एकदा परत या.