नाशिकच्या इंदिरानगरमधला रेमेडियल क्लास: ट्यूशन समजून जाऊ नका

मुलगा सातवीत. डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अडचण) आणि एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ), दोन्ही. तोंडी विचारलं तर इतिहास धडाधड सांगतो, पेपरात अर्धी पानं कोरी. शाळेचा शेरा ठरलेला, 'लक्ष देत नाही'.

शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीच्या या क्लासमधल्या मॅडमनी पहिल्या भेटीत गुण विचारलेच नाहीत, वह्या मागितल्या. फळ्यावरून उतरवलेलं पान आणि ऐकून लिहिलेलं पान शेजारी-शेजारी ठेवलं. उतरवलेल्या पानावर 'घ'चा 'ध', जोडाक्षरं फुटलेली, मधल्या ओळी गायब. ऐकून लिहिलेल्यात वेलांट्या चुकल्या होत्या, पण वाक्यं पूर्ण होती. "याचा सगळा तास उतरवण्यात जातो. शिकायला वेळ उरतो कुठे?" इतकं नेमकं आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

त्यावरून त्यांनी शाळेसाठी एका पानाची योजना लिहून दिली. पहिला बाक, दारापासून लांब. फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी वहीची झेरॉक्स. सूचना एका वेळी एकच. गृहपाठात दहाऐवजी पाच गणितं, पण सोपी निवडून नव्हे. विज्ञान-इतिहासात शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. तासाच्या मध्ये वह्या वाटायला त्यालाच उठवायचं, म्हणजे हालचाल होते आणि कोणी रागावतही नाही. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी करायची, हेही लिहिलेलं.

शाळेचं म्हणणं, एकाला सवलत दिली की सगळे मागतील. मॅडम स्वतः वर्गशिक्षिकांना भेटल्या आणि घटक चाचणीपर्यंत फक्त झेरॉक्स आणि बाक एवढंच मागितलं. चाचणीत इतिहासाचा पेपर पहिल्यांदा शेवटपर्यंत लिहिलेला आला. गुण फार नाहीत, पण कोरं पान नाही. पुढच्या गोष्टी मग वर्गशिक्षिकांनीच सुरू केल्या.

एक गोष्ट त्या आधीच स्पष्ट सांगतात, आणि ते मला फार आवडलं: बोर्डाच्या सवलतींसाठी सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यांचा रिपोर्ट तिथे चालत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), एडीएचडी नावानिशी नाही. त्यामुळे दोन्ही असतील तर डिस्लेक्सियाची तपासणी आणि नोंद स्वतंत्र करून घ्या. जादा वेळ तासाला 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. बोर्डाचं विभागीय कार्यालय नाशिकमध्येच असलं तरी अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा दहावीची वाट बघू नका.

खटकलं ते असं: फी आमच्यासारख्या अंबड एमआयडीसीतल्या कामगाराला जड जाते, लिफ्ट नाही, आणि शिफ्ट सांभाळून येणाऱ्यांना सोयीची वेळ मिळत नाही. रविवारी एक तास सुरू केला तर खूप पालकांची सोय होईल.

जाताना जुन्या वह्या घेऊन जा. घरी बसवून नीट लिहून घेतलेल्या नकोत, वर्गातल्या खाडाखोडीच्याच.